टाके निघाले म्हणजे झालं?

गुडघ्याचं किंवा खुब्याचं ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की सगळं घर सेवेला लागतं. पलंग हॉलमध्ये येतो, पायाखाली उशा येतात, पाण्याचा पेलाही हातात मिळतो. भेटायला येणारा प्रत्येक जण जाताना तेच सांगतो, “आता अजिबात हलू नका.” दवाखान्यात भीती होती ती भुलीची, रक्तस्रावाची, जखम पिकण्याची. त्यातून सुखरूप सुटल्यावर पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, हे डिस्चार्ज कार्डावर कुठंतरी लिहिलेलं असतं. पण कार्ड फाइलमध्ये जातं आणि फाइल कपाटात. या दुखण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज पुढच्या काही आठवड्यांत, घरातल्या मायेपोटीच पोसले जातात.

शिरेत गुठळी का होते याची तीन कारणं जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्शो यांच्या 1856 सालच्या मांडणीशी जोडली जातात: रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची वृत्ती वाढणं. पायाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत ही तिन्ही एकाच दिवशी जुळून येतात. पाय तासन्‌तास स्थिर असतो, हाड कापताना आणि सांधा वळवताना शिरा ताणल्या जातात, आणि झालेली जखम भरून काढण्यासाठी शरीर गोठवणारी यंत्रणा जोरात सुरू करतं. पोटरीत किंवा मांडीत अशी गुठळी झाली की तिला डीव्हीटी म्हणतात. तिचा तुकडा सुटला तर तो हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकतो. हे पल्मनरी एम्बोलिझम. ते काही मिनिटांतही जीव घेऊ शकतं.

“धोका दवाखान्यातच असतो. टाके निघाले की सुटलो.”

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. ब्रिटनमध्ये साडेनऊ लाखांच्या आसपास मध्यमवयीन स्त्रियांच्या नोंदी तपासून 2009 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऑपरेशननंतर गुठळीचा धोका सर्वांत जास्त कधी होता? तिसऱ्या आठवड्यात. आपल्याकडे साधारण बाराव्या ते चौदाव्या दिवशी टाके निघतात आणि घरातले सगळे सैलावतात. जोखीम शिखरावर जाते ती त्यानंतर. बारा आठवड्यांपर्यंतही ती नेहमीपेक्षा वरच राहिली. खुबा किंवा गुडघा बदललेल्या दर 45 स्त्रियांपैकी एकीला त्या बारा आठवड्यांत गुठळीसाठी दवाखान्यात भरती व्हावं लागलं किंवा त्यात तिचा मृत्यू झाला. ऑपरेशन न झालेल्यांत तेवढ्याच काळात हे प्रमाण 6,200 मध्ये एक होतं.

म्हणूनच प्रतिबंधक औषधाचा कोर्स डिस्चार्जच्या दिवशी संपत नाही. ॲपिक्साबॅन किंवा रिव्हारोक्साबॅन या गोळ्यांचा ठरलेला कोर्स गुडघाबदलानंतर सुमारे 12 दिवसांचा आणि खुबाबदलानंतर सुमारे 35 दिवसांचा असतो. “आता चालायला लागले, कशाला उगीच गोळ्या?” म्हणून घरातल्या घरात त्या बंद करणारे पुष्कळ आहेत. गोळी महाग असते, हेही खरं. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगावं, पर्याय असतात. पण गुपचूप बंद करू नये.

“हा गोऱ्या लोकांचा आजार. आपल्याकडे कुठं होतो?”

हे नुसते नातेवाईकच म्हणत नाहीत. कित्येक वर्षं काही डॉक्टरही असंच मानत आले. त्यात थोडं तथ्य आहे. रक्त सहज गोठवणारा ‘फॅक्टर फाइव्ह लायडेन’ नावाचा आनुवंशिक दोष युरोपीय लोकांत जास्त आढळतो, आपल्याकडे कमी. पण विर्शोच्या तिन्ही कारणांना त्या दोषाची गरज लागत नाही. 2008 साली 32 देशांतल्या रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात भारतही होता. आपल्याकडे जोखमीत असलेल्या रुग्णांपैकी पाचातल्या एकालाही शिफारशीनुसार प्रतिबंधक उपाय मिळालेला नव्हता. आजार नसतो असं धरून चाललं की तो शोधला जात नाही, आणि शोधलाच नाही तर सापडणार कसा?

“हललं तर गुठळी सुटेल. झोपून राहावं.”

पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर ढकलण्याचं काम पोटरीचे स्नायू करतात. पाऊल वर-खाली केलं की ते आवळतात आणि शिरा पिळल्या जातात; आत असलेल्या झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत. पोटरी गप्प पडली की हा पंप बंद. म्हणून फिजिओथेरपिस्ट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर हातात देतात आणि अंथरुणातही दर तासाला घोटे हलवायला लावतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर उशी ठेवायचीच तर घोट्याखाली ठेवावी, गुडघ्याखाली नव्हे. गुडघ्याखालच्या उशीने पाय वाकलेलाच राहण्याची सवय लागते आणि मागच्या शिरेवर दाब येतो.

गुठळी झाल्याचं निदान होऊन औषध सुरू झाल्यावरही बहुतेकांना चालायला परवानगी असते. औषध चालू असताना चालण्याने एम्बोलिझमचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही.

“पोटरी दुखतेय? तेल लावून चोळून देते.”

इथं मात्र ‘अजिबात नको’ असंच म्हणावं लागेल. 2017 साली दिल्लीच्या एम्समधल्या न्यायवैद्यक तज्ज्ञांनी एका 23 वर्षांच्या तरुणाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली. खेळताना घोट्याला दुखापत झाली होती, पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर निघाल्यावर पाय दुखत होता म्हणून आईने तेलाने मालीश केली. शिरेतली गुठळी सुटली आणि फुप्फुसात गेली. तरुण वय, मोठं ऑपरेशन झालेलंही नव्हतं. बाळंतिणीपासून पैलवानापर्यंत सगळ्यांना मालीश करणाऱ्या आपल्या समाजात हे पटवणं अवघड जातं. पण ऑपरेशननंतर किंवा प्लास्टर निघाल्यावर सुजलेली, दुखणारी पोटरी आधी डॉपलर सोनोग्राफीसाठी न्यायची. तोवर आईचा हात, हाडवैद्याचा हात आणि मसाजची मशीन तिघांनाही लांब ठेवायचं.

“सूज तर येतेच.”

येते, आणि म्हणूनच फसगत होते. गुडघाबदलानंतर काही आठवडे पाय सुजलेला असू शकतो. संशय घ्यायचा तो सूज अचानक वाढली, फक्त एकाच पायाची पोटरी किंवा मांडी ताठ, गरम, लालसर झाली, किंवा चालताना पोटरी नव्याने दुखू लागली, तर. सगळ्यांना ही लक्षणं दिसतातच असं नाही. कित्येक गुठळ्या काहीही न जाणवता होतात. डी-डायमर ही रक्ताची तपासणी या काळात फारशी कामाची नाही, कारण ऑपरेशनमुळेच तिचा आकडा वाढलेला असतो. इथं डॉपलरच हवा.

“मग सगळ्यांनाच इंजेक्शन द्या ना!”

हा उलट बाजूचा गैरसमज, आणि शिकलेल्या घरांत तो जास्त दिसतो. 2017 साली नेदरलँड्समधल्या दोन चाचण्यांत गुडघ्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांना आणि घोट्या-पोटरीला प्लास्टर घातलेल्यांना गुठळी रोखणारी हेपॅरिनच्या गटातली इंजेक्शनं देऊन पाहिली. सरसकट देण्याचा फायदा दिसला नाही. याउलट मोठ्या फ्रॅक्चरच्या बारा हजारांवर रुग्णांवरच्या 2023 सालच्या अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत साध्या ॲस्पिरिनच्या गोळीने मृत्यू टाळण्यात इंजेक्शनच्या तोडीचं काम केलं. पायातल्या गुठळ्या मात्र ॲस्पिरिनवाल्यांत थोड्या जास्त झाल्या. थोडक्यात, शेजारच्या काकांना जे दिलं तेच तुम्हालाही हवं असं नाही. आधी कधी गुठळी झाली होती का, कर्करोग आहे का, वजन किती, गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का, यावर ते ठरतं. लग्नकार्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्याही सांगाव्यात. बायका हे हमखास सांगायचं विसरतात. आणि गुठळी रोखणारी औषधं चालू असताना मेडिकलमधून स्वतःच्या मनाने डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक आणून खाऊ नये. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

रक्त पातळ होतं म्हणून लसूण, हळद, आलं सुचवलं जातं; त्यांनी जेवणाला चव येते. औषधाची जागा ते घेत नाहीत. पाय आवळून धरणाऱ्या पायमोज्यांवरही फार विसंबू नये. औषध चालू असताना वरून मोजे घातल्याने विशेष फरक पडत नाही, असं 2020 सालच्या एका ब्रिटिश चाचणीत दिसलं. वरचा काठ गुंडाळला जाऊन पट्ट्यासारखा आवळला तर उलट अपायच.

राहिला श्वास. एकाएकी धाप लागणं, श्वास घेताना छातीत टोचणं, छाती धडधडणं, खोकल्यातून रक्त पडणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं, यांतलं काहीही ऑपरेशननंतरच्या तीन महिन्यांत झालं तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा प्यायला देऊन सकाळची वाट पाहू नये. 108 ला फोन करावा. दवाखान्याच्या इमर्जन्सीत भेटणारे डॉक्टर तुमचे हाडांचे डॉक्टर नसतील, पँटच्या आतला व्रणही त्यांना दिसणार नाही. ईसीजी काढून ते हृदयाकडेच पाहत बसू शकतात. म्हणून सोबतच्या माणसाने दारातच सांगायचं: पायाचं ऑपरेशन अमुक तारखेला झालंय, गोळी अमुक चालू होती, अमुक दिवशी बंद केली. आणि कपाटातली ती फाइल बरोबर न्यायची.