संदर्भ-आलेखाची निवड

मिश्रणातील घटक वेगळे करण्याची क्रोमॅटोग्राफी ही पद्धत मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी, पानांतील रंगद्रव्ये भुकटीने भरलेल्या काचनळीतून उतरवताना, उभी केली. आज त्या नळीच्या जागी पोलादी कॉलम आला असला, तरी जो घटक आतल्या भरणाला अधिक चिकटतो तो उशिरा बाहेर पडतो, हे तत्त्व कायम आहे. या विलंबाला रिटेन्शन टाइम म्हणतात आणि वेळेनुसार उमटणाऱ्या उंचवट्यांच्या आलेखाला क्रोमॅटोग्राम. त्यातील उंचवट्याला प्रयोगशाळेत सर्रास ‘पीक’ म्हटले जाते, शेतीशी त्याचा काही संबंध नसला तरी.

 अडुळसा या औषधी वनस्पतीच्या पानांचे नमुने तपासले, तर त्यातील वासिसिन या घटकाचे पीक समजा एका नमुन्यात 8.2 मिनिटांना आणि दुसऱ्यात 8.5 मिनिटांना येते. कॉलम जुना होणे, तापमान बदलणे किंवा द्रावक-मिश्रणाचे प्रमाण किंचित ढळणे एवढे या फरकाला पुरते, पण संगणक मात्र हे दोन वेगळे घटक समजतो. म्हणून सर्व आलेख एका संदर्भ-आलेखाशी जुळवून घ्यावे लागतात. 1998 साली नील्सन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत आलेखाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा संदर्भाशी साम्य वाढेल इतपत ताणला किंवा आवळला जातो.

खरा पेच संदर्भाच्या निवडीत आहे. सर्व आलेखांची सरासरी हा सुचणारा पहिला उपाय फसवा ठरतो, कारण सरकलेल्या पिकांची सरासरी काढली की टोकदार उंचवट्याऐवजी पसरट टेकाड उरते. त्यापेक्षा प्रत्येक आलेखाचा उरलेल्या सर्वांशी सहसंबंध काढून त्या आकड्यांचा गुणाकार ज्याचा सर्वाधिक, तो आलेख निवडणे बरे. गुणाकार असल्याने एखाद्याशी फारच विसंगत असलेला उमेदवार आपोआप मागे पडतो. मग त्याच्याशी जुळवलेल्या आलेखांची सरासरी घेऊन दुसरी फेरी करता येते. तरीही संदर्भात नसलेले पीक शेजारच्या पिकावर ओढले जाण्याचा धोका उरतोच, म्हणून सर्व नमुन्यांचा थोडा थोडा अंश एकत्र करून केलेल्या मिश्रणाचा आलेख संदर्भ म्हणून अधिक विश्वासार्ह वाटतो. शिवाय ताणण्या-आवळण्याने पिकाखालचे क्षेत्रफळही बदलते, आणि घटकाचे प्रमाण तर त्यावरूनच ठरते. तेव्हा क्षेत्रफळ मोजायचे ते मूळ आलेखावर.