कुसळ काढायचंच, पण कसं?



कुसळ आणि मुसळाची म्हण आपण प्रत्येकीने कधी ना कधी कुणाला तरी ऐकवलेली असते. बायबलमध्येही हाच दाखला आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय सुरू होतो तोच दुसऱ्याचा न्याय करू नका या सांगण्याने, आणि लगेच कुसळ-मुसळ येतं. आमच्या ख्रिस्ती घरांत हा शास्त्रभाग पोराबाळांनाही ठाऊक असतो. त्याचा उपयोग मात्र बहुतेक वेळा समोरच्याचं तोंड बंद करायला होतो. कुणी म्हटलं, "बाई, भाऊजींचं पिणं वाढलंय," की उत्तर तयार, "न्याय करू नका असं प्रभूनं सांगितलंय." झालं, विषय संपला.

पण दाखला तिथे संपत नाही. आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असं येशू पुढे सांगतो. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. गव्हाच्या मळणीत जिच्या डोळ्यात कधी कुसळ गेलं असेल तिला विचारा. ते तसंच राहू दिलं तर डोळा सुजतो. काढणारीला पदराचं टोक ओलं करून, जवळ बसून, हलक्या हातानं काढावं लागतं. आणि जिचा डोळा आहे तिनं तो उघडा धरावा लागतो. ती धरेल कुणापुढे? जिच्यावर विश्वास आहे तिच्यापुढेच.

नवा करार मूळ ग्रीक भाषेत लिहिला गेला. तिथे 'न्याय करणे' यासाठी जो शब्द आहे त्याचे अर्थ दोन्हीकडे जातात. निवडणं, पारखणं हाही अर्थ, आणि दोषी ठरवणं हाही. आपण सुपात तांदूळ निवडतो ते पारखणं. खडा दिसला तर काढायलाच हवा. पण खडे निघाले म्हणून कुणी सूपच उकिरड्यावर फेकत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र आपण ते करतो. 'त्यानं काय केलं' हे सांगता सांगता 'तो आहेच तसला' इथवर कधी येतो ते कळत नाही. पहिलं वाक्य पारखण्याचं आहे, दुसरं निकालाचं.

आमच्या भागातल्या एका बचत गटातली गोष्ट ओळख पटणार नाही अशा बेतानं सांगते. एक विधवा मावशी, एकुलता एक तरणा मुलगा, आणि त्याला दारू. मावशींनी गटातून शेळीसाठी कर्ज घेतलं, शेळी काही आली नाही. मग औषधपाण्यासाठी घेतलं. तिसऱ्यांदा मागितलं तेव्हा बैठकीत दोन तट पडले. अर्ध्या जणी म्हणाल्या, बिचारी एकटी आहे, देऊन टाका. बाकीच्यांचं म्हणणं, आईनंच लाडावून ठेवलाय, भोगू दे आता. मला विचाराल तर दोन्ही बोलणी सारखीच सोपी होती. मावशींच्या घरी जाऊन बसायची तसदी दोन्हींत नव्हती.

गटाच्या अध्यक्षा संध्याकाळी एकट्याच त्यांच्याकडे गेल्या. पोराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "मावशी, आधीच्या दोन कर्जांतले किती पैसे तुमच्या चुलीपर्यंत आले?" मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग सगळं सांगितलं. तो भांडी आपटायचा, आणि शेजारी ऐकतील या लाजेनं त्या पैसे देऊन टाकायच्या.

पुढच्या बैठकीत ठरलं की जुनं फिटल्याशिवाय नवीन कर्ज नाही, आणि हा नियम सगळ्यांनाच. मावशींचा हप्ता लहान करून मुदत वाढवली. दोघींनी त्यांना किराणा भरून दिला, रोख दिली नाही. प्रोसिडिंगच्या वहीत रक्कम आणि मुदत एवढंच लिहिलं. मुलाचं नाव त्या वहीत कुठेही नाही. मला यातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

अध्यक्षाबाई ख्रिस्ती नाहीत, पण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात दिलेला क्रम त्यांनी बरोबर पाळला. कुणी चुकलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याच्याशी बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही ऐकलं तर मंडळीला सांगा. आमच्याकडे हा क्रम उलटा चालतो. आधी नळावर, मग महिला मंडळात, आणि सगळ्यात शेवटी, झालंच तर, त्या माणसाला. त्यातही 'अमकीच्या घरासाठी प्रार्थना करा हं, तिच्या नवऱ्याचं जरा...' असं म्हटलं की चुगलीला पांढरी साडी नेसवल्यासारखं होतं! प्रार्थनाच करायची तर देवाला नाव-पत्ता आधीच माहीत आहे.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की चुकलेल्याला सौम्यपणे ताळ्यावर आणा. तिथला ग्रीक शब्द शुभवर्तमानात कोळी आपली जाळी नीट करत बसले होते तिथेही आला आहे. फाटलेलं जाळं ओढून चालत नाही. गाठ सुटली कुठे ते आधी पाहावं लागतं.

आता कठोर प्रीती. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा दूर देशी उपाशी राहतो, डुकरं चारतो. बापानं त्याच्यामागे मनिऑर्डर पाठवल्याचं कुठे लिहिलेलं नाही. पण मुलगा परत येताना दूर असतानाच बापाला दिसला, म्हणजे बापाची नजर रस्त्यावर असणार. पैसा बंद आणि दार उघडं, या दोन गोष्टी एकत्र हव्यात. पैसाही बंद आणि दारही बंद केलं, तर ती प्रीती राहत नाही, नुसता राग होतो. मावशी आता मुलाला ताट वाढतात, पैसे देत नाहीत. त्यानं एकदा घरातला पितळी हंडा विकला. त्या रात्रीही ताट वाढलं, पण हंड्याचे पैसे त्याच्या मजुरीतून घेतले. तो अजून पितो. मध्ये महिनाभर सोडली होती.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. जिथे मारहाण आहे तिथे 'आधी एकटीनं जाऊन बोल' हे लागू नाही. मार खाणाऱ्या बाईला क्षमेचा शास्त्रभाग वाचून दाखवून त्याच घरात परत पाठवणं ही प्रीती नव्हे. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 2005 पासून आहे. महिलांसाठी 181 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे क्रमांक आहेत. आधी तिला सुरक्षित जागी न्या. पाळकसाहेबांशी बोलणं नंतर होईल.

आणि घरात रोज भरपूर पिणारं कुणी असेल तर कठोरपणाच्या भरात त्याची दारू एका दिवसात बंद पाडू नका. अचानक थांबल्यानं फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे गट अनेक शहरांत भरतात. तिथे फी नसते आणि कुणाचं नाव बाहेर जात नाही. मावशी तालुक्याच्या गावी अशा बैठकीला दोनदा जाऊन आल्या आहेत. सोबत अध्यक्षाबाई होत्या, एसटीचं तिकीट जिचं तिनं काढलं.