ट्रॅक्टरची देखभाल नोंदवही : घरीच निगा राखणाऱ्या शेतकऱ्यांसाठी



आपल्या ट्रॅक्टरचे इंजिन ऑइल मागील वेळी मीटरवर किती तास झाले असताना बदलले होते, हे आपणांस आत्ता सांगता येईल काय? बहुतेकांचे उत्तर 'दिवाळीच्या आसपास' किंवा 'पेरणीच्या आधी' असे असते. हे उत्तर खोटे नसते, पण ट्रॅक्टरच्या उपयोगाचेही नसते.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरीही हेच उत्तर होते. जूनमध्ये चांगला पाऊस झाला, रानात वाफसा आला आणि पेरणीच्या दुसऱ्याच दिवशी इंजिनातून ठोका ऐकू येऊ लागला. धाकट्या भावाने ट्रॅक्टर बांधावर घेईपर्यंत इंजिन जाम झाले. आतले ऑइल डांबरासारखे काळे व घट्ट झाले होते. मिस्त्रीने पहिलाच प्रश्न विचारला, "ऑइल बदलून किती तास झाले?" वडिलांना वाटत होते की उन्हाळी नांगरट संपल्यावर भावाने ते बदलले. भावाला वाटत होते की क्लचचे काम झाले तेव्हाच ते बदलले गेले. दोघांनीही एकमेकांवर भरवसा ठेवला होता आणि ऑइल कोणीच बदलले नव्हते. इंजिन पूर्ण खोलावे लागले. त्या आठवड्यात गावात कोणाचाच ट्रॅक्टर मोकळा नव्हता. आमचे निम्मे रान नऊ दिवस उशिरा पेरले गेले.

वेळेवर पेरणी करा, हे मी दरवर्षी शेतकरी मेळाव्यात सांगतो. माझ्या कार्यालयाच्या कपाटात प्रत्येक प्रयोगाच्या वाफ्याची पेरणीची तारीख, खताची मात्रा व पावसाची नोंद होती. घरच्या ट्रॅक्टरची मात्र एक ओळही नव्हती. त्यानंतर आम्ही जी वही घातली, तिची माहिती या लेखात दिली आहे.

तारीख नव्हे, तास

ट्रॅक्टरची निगा तासांवर ठरते. पेरणी किंवा नांगरटीच्या दिवसांत रोज सहा तास काम झाले, तर २५० तास सुमारे ४२ दिवसांत भरतात. एरवी तेवढेच तास भरण्यास सहा महिनेही लागतात. मळणी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर जागचा हलत नाही, तरीही इंजिनाचे तास भरतच असतात. म्हणून कॅलेंडरवरून किंवा केलेल्या एकरांवरून अंदाज बांधू नये, मीटर वाचावा.

जुन्या ट्रॅक्टरवरील केबलने चालणारा मीटर प्रत्यक्षात इंजिनाच्या फेऱ्या मोजतो. असा मीटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांना जुळविलेला असेल आणि इंजिन १,००० फेऱ्यांवर तासभर चालले, तर मीटरवर ४० मिनिटेच चढतात. नवीन इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा घड्याळी तास दाखवितात. आपला मीटर कोणत्या प्रकारचा आहे, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहावे. मीटर बंद पडल्यास रोजचे कामाचे तास अंदाजाने का होईना लिहीत जावेत. नवीन मीटर बसविताना जुन्याचा शेवटचा व नव्याचा पहिला आकडा दोन्ही नोंदवावेत, अन्यथा पुढील सर्व हिशेब चुकतो.

वही कशी आखावी

जाड पुठ्ठ्याची साधी वही पुरेशी आहे. पहिल्या पानावर ट्रॅक्टरचा इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक, ऑइल व डिझेल फिल्टरचे क्रमांक, फॅन बेल्टचे माप, टायरचे माप, बॅटरी घेतल्याची तारीख आणि कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला ऑइलचा प्रकार व मात्रा लिहावी. तालुक्याच्या गावी सुटे भाग आणावयास जाताना हे एक पान सोबत असले तरी फेरा वाया जात नाही.

पुढील पानांवर सहा रकाने आखावेत : तारीख, मीटरचे तास, काय केले, काय व किती वापरले, पुढील वेळ (तास) आणि कोणी केले. खर्चाची बिले मागच्या पानाला टाचावीत. नमुन्यादाखल दोन नोंदी पाहा.

दि. ४ मे. मीटर २,४१२. इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलला. पुढील वेळ २,६६२. केले : भाऊ.

दि. १६ मे. मीटर २,४६८. ऑइलची पातळी कमी, अर्धा लिटर घातले. बाहेर गळती नाही. केले : वडील.

यातील 'पुढील वेळ' हा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. तोच आकडा कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मीटरजवळ चिकटवावा, म्हणजे ट्रॅक्टर चालविणाऱ्याच्या तो रोज नजरेस पडेल. 'कोणी केले' हा रकाना दोष देण्यासाठी नाही. एकाने केलेले काम दुसऱ्याला कळावे, एवढ्यासाठीच तो आहे.

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून अवजारपेटीत ठेवावी. सोबत पेन्सिल असावी, कारण तेलकट कागदावर शाईचे पेन चालत नाही. काम संपताच, हात धुण्याआधी नोंद करावी. पानाला तेलाचे डाग पडले तरी चालतील, नोंद राहता कामा नये. महिन्यातून एकदा पानांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवल्यास वही हरवली तरी माहिती राहते.

केव्हा काय करावे

पुढे दिलेले अंतर ढोबळ आहे. आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत जे अंतर दिले असेल तेच पाळावे व तेच वहीत उतरवून घ्यावे.

दररोज (८ ते १० तासांनी) : सपाट जागी, इंजिन बंद करून काही वेळाने ऑइलची पातळी काडीने पाहावी. इंजिन थंड असताना रेडिएटरचे पाणी पाहावे. एअर क्लीनरच्या भांड्यातील धूळ काढावी. डिझेलची टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी, म्हणजे रात्री टाकीतील हवेतले बाष्प थंड होऊन डिझेलमध्ये पाणी साचत नाही.

आठवड्याला (५० ते ६० तासांनी) : सर्व निपलांना ग्रीस द्यावे. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबून पाहावा, तो सुमारे अर्धा इंच दबला पाहिजे. बॅटरीतील पाण्याची पातळी, क्लच व ब्रेक पेडलची ढील आणि चाकांचे नट तपासावेत. टायरमधील हवा सर्वसाधारणपणे पुढील चाकांत १.५ ते २.५ व मागील चाकांत ०.८ ते १.५ किलो प्रति चौ.सें.मी. या दरम्यान असते. डिझेल फिल्टरखालील बोल्ट सैल करून साचलेले पाणी व गाळ काढावा.

सुमारे २५० तासांनी : इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलावा. काही जुन्या ट्रॅक्टरना हे काम १२५ तासांच्या आसपासच करावे लागते. इंजिन गरम असताना ऑइल सोडल्यास त्याबरोबर मळही बाहेर येतो.

सुमारे ५०० ते १,००० तासांनी : डिझेल फिल्टर, हायड्रॉलिक फिल्टर, गिअर बॉक्सचे ऑइल आणि व्हॉल्व्हची फट यांची कामे पुस्तिकेप्रमाणे करावीत.

मळणीच्या धुळीत व भाताच्या चिखलणीत ही अंतरे कमी करावी लागतात. मळणीच्या दिवसांत एअर क्लीनर रोज पाहावा. चिखलणीनंतर त्याच दिवशी ट्रॅक्टर धुऊन ग्रीस द्यावे. रोटाव्हेटरच्या गिअर बॉक्सलाही ऑइल लागते, तेव्हा त्याच्यासाठी वहीत वेगळे पान ठेवावे.

वही वाचावी कशी

नुसते लिहून ठेवल्याने निम्मेच काम होते. दर महिन्याला मागील चार-पाच पाने चाळावीत. एकेकटी नोंद फारसे सांगत नाही, पण ओळीने लागलेल्या नोंदी बिघाडाची आगाऊ सूचना देतात.

१. पूर्वी ५० तासांनी अर्धा लिटर ऑइल वाढवावे लागत होते, मग ३० तासांनी, आता १५ तासांनी. बाहेर गळती नसेल व धूर निळसर येत असेल, तर ऑइल इंजिनात जळते आहे. एअर क्लीनरचा रबरी पाईप फाटून धूळ आत जाते आहे काय, हे आधी पाहावे. धुळीने पिस्टन रिंग व लायनर लवकर झिजतात.

२. ऑइल न घालता त्याची पातळी वाढली, तर आनंद मानू नये. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत आहे. पातळ होऊन डिझेलचा वास येत असल्यास डिझेल, दुधासारखे पांढरट दिसल्यास पाणी. दोन्ही वेळी ट्रॅक्टर ताबडतोब बंद ठेवून मिस्त्रीस दाखवावा.

३. रेडिएटरमध्ये वारंवार पाणी घालावे लागते, पण गळती दिसत नाही. अशा वेळी हेड गॅस्केटची शंका घ्यावी.

४. बॅटरीच्या सर्वच खान्यांतील पाणी लवकर उतरत असेल, तर चार्जिंग जास्त होत आहे. एकाच खान्यातील उतरत असेल, तर तो खाना खराब असण्याची शक्यता असते.

५. डिझेल फिल्टर वेळेआधी तुंबू लागला, तर दोष बहुधा फिल्टरचा नसतो. डिझेल साठविण्याचे पिंप तपासावे.

६. ताशी डिझेल काढावे. टाकी काठोकाठ भरून काम सुरू करावे व काम संपल्यावर पुन्हा काठोकाठ भरावी. सहा तासांत २१ लिटर लागले, तर ताशी ३.५ लिटर झाले. तेच रान, तेच अवजार व तीच खोली असताना हा आकडा वाढला, तर एअर क्लीनर, टायरमधील हवा, चाकांची घसरण व नोझल या क्रमाने तपासणी करावी.

शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरशी तुलना करण्यापेक्षा आपल्याच ट्रॅक्टरच्या मागील वर्षाच्या नोंदीशी तुलना करणे अधिक उपयोगाचे असते. भाड्याने काम करणाऱ्यांना याच वहीतून डिझेल, ऑइल व दुरुस्तीचा ताशी खर्चही काढता येतो. त्यावरून भाडे परवडते की नाही, हे कळते.

घरी काय करावे, काय करू नये

ऑइल, फिल्टर, ग्रीस, बेल्ट, बॅटरी व टायरची कामे घरी होऊ शकतात. डिझेल पंप, नोझल, हायड्रॉलिकचे अंतर्गत भाग व ब्रेकची मोठी कामे जाणकार मिस्त्रीकडेच द्यावीत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नवीन ट्रॅक्टरना धुराचे कडक निकष लागू झाले आहेत. अशा ट्रॅक्टरची इंधन व धूर नियंत्रण यंत्रणा घरी खोलू नये आणि पुस्तिकेत सांगितलेलेच ऑइल वापरावे. हमीच्या मुदतीतील सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करून घ्यावी व त्याची पावती वहीत ठेवावी. मिस्त्रीने केलेले कामही मीटरच्या आकड्यासह वहीत आलेच पाहिजे. आमच्या घरी नेमकी तीच नोंद नव्हती.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. अवजार उचललेले ठेवून त्याखाली काम करू नये. काढलेले जुने ऑइल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नये. ते बंद डब्यात साठवून जुने ऑइल घेणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे.

आज संध्याकाळी ट्रॅक्टर लावताना मीटरचा आकडा वाचा आणि नव्या वहीच्या पहिल्या ओळीवर तारखेसह लिहा. ऑइल केव्हा बदलले हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नसेल, तर अंदाज करीत बसू नका. ऑइल व फिल्टर बदला आणि तेथून मोजणी सुरू करा. पुढच्या वाफशाला आपला ट्रॅक्टर रानात असावा, मिस्त्रीच्या दारात नसावा, यासाठी एवढे पुरेसे आहे.