वयाबरोबर प्रोस्टेट का वाढते?

मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात कृषिपंपांची वीज रात्रीची असली की ओलितालाही रात्रीच जावं लागतं. सत्तरीचा माणूस अंधारात तीन-चारदा उठला, तर घरात कोणाला वेगळं वाटत नाही. लघवीची धार बारीक झालेली तो लाजेपायी सांगत नाही. सांगितलंच, तर ‘वय झालं’ म्हणून विषय मिटतो. मग एखाद्या रात्री लघवी तुंबते आणि नळी घालायला दवाखान्यात धावावं लागतं.

वय हे अर्धंच उत्तर आहे.

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेभोवती असलेली प्रोस्टेट ग्रंथी तरुणपणी साधारण 20 ग्रॅमची असते. शवविच्छेदनांत पन्नाशीतल्या जवळपास निम्म्या पुरुषांमध्ये तिची वाढ आढळली आहे. ही वाढ नलिकेला लगटलेल्या आतल्या भागात होते आणि बाहेरचा भाग दबून पातळ होतो. म्हणून तर पोटावर छेद घेऊन केलेल्या शस्त्रक्रियेत सर्जन संत्र्याच्या सालीतून फोडी सोडवाव्यात तसा आतला गोळा बोटाने मोकळा करतो.

म्हातारपणी टेस्टोस्टेरॉन घटत जातं, मग ग्रंथी वाढते कशी? या कोड्याचा मोठा धागा डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या सालिनास गावात मिळाला. तिथली काही मुलं जन्मतः मुली समजली जात आणि वयात येताना त्यांना पुरुषी रूप येई. ज्युलियान इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी 1974 मध्ये त्यांच्यावरचं संशोधन प्रसिद्ध केलं. टेस्टोस्टेरॉनपासून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवणारं विकर त्यांच्यात कमी होतं आणि मोठेपणीही त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली. वाढीमागचा खरा रेटा या दुसऱ्या हार्मोनचा! रक्तातलं टेस्टोस्टेरॉन उतरलं तरी ग्रंथीत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनतच राहतं. ते बनणं रोखणाऱ्या फिनास्टराइड या औषधाला अमेरिकेत 1992 मध्ये मान्यता मिळाली.

पण हे हार्मोन तर सगळ्याच पुरुषांत असतं, मग काहींनाच जास्त त्रास का? त्याला इतरही कारणं आहेत. वाढलेल्या ग्रंथीत अनेकदा जुनाट दाह सापडतो. पोट सुटलेल्यांत आणि मधुमेहींत हा त्रास जास्त दिसतो. चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं, त्याचाही यात हात असावा. वडिलांना किंवा भावाला कमी वयात शस्त्रक्रिया लागली असेल, तर धोका वाढतो.

ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हे घरच्यांना आवर्जून सांगायला हवं. शिवाय ग्रंथी मोठी म्हणजे त्रास मोठा, असंही नाही. तिच्यातले स्नायू किती आवळतात, यावर बरंच ठरतं. टॅम्सुलोसिन हे औषध हेच स्नायू सैल करतं, तर नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या ते आवळतात आणि लघवी तुंबू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत, सर्दीचीसुद्धा.