ड जीवनसत्त्व-हॉर्मोनाची अनुरूपे

ड जीवनसत्त्वापासून शरीरात तयार होणाऱ्या हॉर्मोनाच्या (उत्तेजक स्रावाच्या) रेणूत थोडेफार रासायनिक बदल करून बनविलेल्या संयुगांना त्या हॉर्मोनाची अनुरूपे म्हणतात. मूळ हॉर्मोन कोशिकांवर (पेशींवर) अनेक प्रकारचे परिणाम घडवून आणते. त्यांपैकी इष्ट परिणाम राखून अनिष्ट परिणाम, विशेषतः रक्तातील कॅल्शियमाची अतिरिक्त वाढ, टाळणे हा ही संयुगे बनविण्यामागील मुख्य हेतू होय.

मूळ हॉर्मोन : सूर्यप्रकाशातील सु. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जंबुपार किरणांमुळे त्वचेतील ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉल या पदार्थापासून ड३ जीवनसत्त्व तयार होते. ते स्वतः फारसे क्रियाशील नसते. यकृतात त्याच्या रेणूतील २५ क्रमांकाच्या कार्बन अणूला व नंतर वृक्कात (मूत्रपिंडात) १ क्रमांकाच्या कार्बन अणूला हायड्रॉक्सिल गट जोडला जातो आणि १,२५-डायहायड्रॉक्सी ड३ जीवनसत्त्व ऊर्फ कॅल्सिट्रिऑल तयार होते. यातील अखेरची पायरी वृक्कात घडते, हे डी. आर. फ्रेझर व ई. कोडिसेक यांनी १९७० मध्ये दाखविले. या पदार्थाची संरचना एम. एफ. होलिक, एच. एफ. डिल्युका व त्यांचे सहकारी यांनी १९७१ मध्ये निश्चित केली. एका अवयवात तयार होऊन रक्तावाटे अन्य अवयवांवर कार्य करणारा असा हा पदार्थ असल्याने त्याची गणना हॉर्मोनांत केली जाते. आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फेट यांचे शोषण वाढविणे हे त्याचे प्रमुख कार्य असून त्याच्या अभावी मुलांना मुडदूस व प्रौढांना अस्थिमार्दव हे विकार होतात.

केंद्रकातील मार्ग : हे हॉर्मोन कोशिकेतील एका विशिष्ट ग्राही प्रथिनाला जोडले जाते. या ग्राहीच्या अस्तित्वाचा पुरावा एम. आर. हॉस्लर व ए. डब्ल्यू. नॉर्मन यांना १९६९ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात मिळाला. मानवी ग्राहीत ४२७ ॲमिनो अम्ले असतात. हॉर्मोन पोकळीत बसले की, ग्राहीच्या टोकाचा सर्पिल भाग झाकणासारखा मिटतो. नंतर ग्राही रेटिनॉइड-एक्स या दुसऱ्या ग्राहीशी जोडी करतो व ही जोडी डीएनएवरील ठराविक जागी बसते. अशा जागी सहा घटकांचे दोन समान क्रम असून त्यांच्यामध्ये तीन घटकांचे अंतर असते. मिटलेल्या झाकणामुळे तयार झालेल्या पृष्ठभागावर सहकारी प्रथिने गोळा होतात आणि त्या जागेशी संबंधित जीनाचे कार्य वाढते किंवा मंदावते. आतड्यात कॅल्शियमाची वाहतूक करणाऱ्या प्रथिनांचे उत्पादन याच मार्गाने वाढते, तर परावटू ग्रंथीतील हॉर्मोनाचे उत्पादन याच मार्गाने घटते. याशिवाय हॉर्मोनाचा नाश करणाऱ्या २४-हायड्रॉक्सिलेज या एंझाइमाचे उत्पादनही वाढते. अशा रीतीने हॉर्मोन स्वतःच आपल्या क्रियेला मर्यादा घालते.

जलद मार्ग : जीनांच्या द्वारे होणाऱ्या परिणामांना काही तास वा दिवस लागतात. तथापि कोंबडीच्या आतड्यातील कॅल्शियमाची वाहतूक या हॉर्मोनामुळे काही मिनिटांतच वाढते, असे इल्का नेमेरे, नॉर्मन व त्यांचे सहकारी यांना १९८४ मध्ये आढळले. इतक्या अल्प काळात नवी प्रथिने तयार होणे शक्य नसल्याने कोशिकापटलाजवळून सुरू होणारा दुसरा मार्ग असला पाहिजे, असे अनुमान निघाले. या मार्गात कोशिकेतील कॅल्शियम आयनांचे प्रमाण वाढते व प्रथिन कायनेज-सी यासारखी एंझाइमे कार्यान्वित होतात. येथे नेहमीचाच ग्राही पटलाजवळ राहून कार्य करतो की, एखादे वेगळे प्रथिन, याविषयी मतभेद आहेत. हॉर्मोनाचा रेणू लवचीक असून तो अनेक आकार धारण करू शकतो. एका आकारात घट्ट बांधलेली काही अनुरूपे केवळ जलद परिणाम घडवितात, तर १-बीटा रूपातील समघटक जलद परिणामास विरोध करतो. दोन मार्गांना रेणूचे भिन्न आकार मानवतात, या कल्पनेस त्यामुळे पुष्टी मिळते.

इतर संकेत मार्गांशी संबंध : माणसाच्या बहुतेक ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) हा ग्राही आढळतो व तो अन्य संकेत मार्गांतही हस्तक्षेप करतो. एत्सुको आबे, टी. सुदा व त्यांचे सहकारी यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की, उंदराच्या रक्तकर्करोगाच्या कोशिका या हॉर्मोनाच्या सान्निध्यात परिपक्व होऊन महाभक्षी कोशिकांसारख्या बनतात. कोशिकाविभाजनाला लगाम घालणाऱ्या पी-२१ प्रथिनाचे उत्पादन वाढणे हे विभाजन थांबण्याचे एक कारण आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या कोशिकांत ग्राही बीटा-कॅटेनीन या प्रथिनाला पकडून ठेवतो व कोशिकांना एकमेकींशी बांधणाऱ्या ई-कॅढेरीन प्रथिनाचे प्रमाण वाढवितो. यामुळे विभाजनास उत्तेजन देणारा ‘विंट’ मार्ग दुबळा होतो. यकृतातील तारकाकार कोशिकांत रूपांतरी वृद्धिघटक-बीटा या मार्गाला विरोध होऊन तंतुमय ऊतकाची निर्मिती कमी होते. शोथाशी (दाहयुक्त सुजेशी) निगडित असलेल्या एनएफ-कप्पा-बी मार्गावरही असाच अंकुश ठेवला जातो.

अनुरूपांची निवडक क्रिया : एकच ग्राही असताना परिणाम भिन्न का होतात, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न आहे. निरनिराळी अनुरूपे ग्राहीला निरनिराळा आकार देत असावीत, असे प्रथम वाटले. तथापि ग्राहीचा हॉर्मोन बांधणारा भाग स्फटिकरूपात मिळवून २००० सालापासून केलेल्या क्ष-किरण अभ्यासांत मूळ हॉर्मोनासह व काही प्रबळ अनुरूपांसह त्याची ठेवण जवळजवळ सारखीच आढळली. म्हणून भिन्नतेची कारणे बव्हंशी अन्यत्र शोधावी लागतात. ती अशी : (१) रक्तातील वाहक प्रथिनाशी अनुरूप किती घट्ट जोडले जाते, (२) २४-हायड्रॉक्सिलेज त्याचा किती लवकर नाश करते, (३) ग्राहीत ते किती काळ टिकते व कोणती सहकारी प्रथिने गोळा होतात. कॅल्सिपोट्रिऑलाची ग्राहीशी आसक्ती मूळ हॉर्मोनाएवढीच आहे. परंतु रक्तात शिरताच त्याचा झपाट्याने नाश होत असल्याने प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचा कॅल्शियम वाढविण्याचा परिणाम शंभर पटींहून कमी भरला. मॅक्साकॅल्सिटॉलात २२ क्रमांकाच्या कार्बनाऐवजी ऑक्सिजन असतो व ते वाहक प्रथिनाशी फार क्षीणपणे जोडले जाते. याउलट एल्डेकॅल्सिटॉल त्या प्रथिनाशी घट्ट बांधले जाऊन रक्तात दीर्घकाळ राहते.

उपयोग : अस्थींच्या विरळपणासाठी १-आल्फा-हायड्रॉक्सी ड३ जीवनसत्त्व घेणाऱ्या एका जपानी रुग्णाचा सोरियासिस (त्वचेवर लालसर, खवलेयुक्त चट्टे आणणारा जुनाट रोग) सुधारल्याची नोंद १९८५ मध्ये झाली. त्वचेच्या कोशिकांचे अतिविभाजन थांबून त्या परिपक्व होत असल्याने कॅल्सिपोट्रिऑल, टॅकॅल्सिटॉल इत्यादींची मलमे या रोगावर वापरली जातात. वृक्क निकामी झालेल्या रुग्णांत हॉर्मोन कमी पडून परावटू ग्रंथी अतिक्रियाशील होतात. त्यासाठी १९ क्रमांकाचा कार्बन काढून बनविलेले पॅरिकॅल्सिटॉल अमेरिकेत १९९८ पासून उपलब्ध आहे. अस्थींच्या विरळपणावर एल्डेकॅल्सिटॉलाला जपानमध्ये २०११ मध्ये मान्यता मिळाली.

मर्यादा : कोशिकासंवर्धनात दिसणारे सर्व परिणाम रुग्णांत दिसून येतातच असे नाही. संवर्धनात वापरलेली तीव्रता रक्तात गाठावयाची, तर कॅल्शियम धोकादायक प्रमाणात वाढते आणि उलट्या, मूतखडे, वृक्कांत कॅल्शियम साचणे यांसारखे उपद्रव संभवतात. अग्निपिंडाच्या प्रगत कर्करोगात सिओकॅल्सिटॉल या प्रबळ अनुरूपाचा उपयोग झाला नाही. पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर नेहमीच्या औषधाबरोबर मूळ हॉर्मोनाची मोठी मात्रा देऊन पाहणारी मोठी चाचणी, हॉर्मोन दिलेल्या गटात अधिक मृत्यू आढळल्याने, २००७ मध्ये थांबवावी लागली. दोन्ही गटांत नेहमीचे औषध देण्याचे वेळापत्रक वेगळे असल्याने या मृत्यूंचे कारण केवळ हॉर्मोन होते, असे मात्र म्हणता येत नाही. पॅरिकॅल्सिटॉलामुळे वृक्करोग्यांच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेची वाढलेली जाडी कमी होत नाही, असे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. यावरून एखाद्या संकेत मार्गावर झालेला परिणाम आणि रोगावर झालेला परिणाम या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे स्पष्ट होते. अनुरूपांना आतापर्यंत खात्रीचे यश मुख्यतः त्वचा, परावटू ग्रंथी व अस्थी यांच्या विकारांत मिळाले आहे. या औषधांचा पोटातून वा शिरेवाटे वापर करताना रक्तातील कॅल्शियम व फॉस्फेट वेळोवेळी मोजणे आवश्यक असते.