सेवा मंडळ टिकते कसे?
शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबची आणि त्याच्या अध्यक्षांची हकीकत



तालुक्याच्या गावात शिरताना रस्त्याकडेला दातेरी चाकाची खूण असलेली पाटी आपण पाहिली असेल. ती रोटरी क्लबची. कुठे डोळ्यांच्या शिबिरात, कुठे पोलिओ डोसाच्या मंडपात, कुठे शाळेतल्या पाण्याच्या टाकीवर ही खूण दिसते. आपल्याकडे समजूत अशी की क्लब म्हणजे शहरातल्या डॉक्टर, वकील, व्यापाऱ्यांची हौस. शेतकऱ्याने त्यात काय बघायचे? पण एक गोष्ट बघण्यासारखी आहे. तिथे दरवर्षी अध्यक्ष बदलतो, आणि तरी संस्था शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

आपल्या भागात पुष्कळदा याच्या उलट घडते. तरुण मंडळ असो, उपसा सिंचनाची संस्था असो, नाहीतर बेणेमळ्याचा गट असो, पहिला अध्यक्ष असेतो सगळे दणक्यात. तो बाजूला झाला की दप्तर कोणाच्या तरी माडीवर आणि मोटर बंद. नुकसान होते ते सगळ्या सभासदांचे. म्हणून ही हकीकत थोडी विस्ताराने देत आहे.

चार माणसे, चार धंदे

गोष्ट अमेरिकेतल्या शिकागो शहरातली. पॉल हॅरिस नावाचे वकील तिथे १८९६ पासून वकिली करीत होते. त्यांचे लहानपण आजी-आजोबांकडे, वॉलिंगफर्ड नावाच्या खेडेगावात गेले. गावात सगळे एकमेकांना ओळखणारे, अडीनडीला धावणारे. शहरात मात्र गिऱ्हाईक भेटे, सोबती भेटेना. तेव्हा त्यांच्या मनात आले की निरनिराळ्या धंद्यातल्या माणसांनी आठवड्या-पंधरवड्याला एकत्र बसावे.

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी पहिली बैठक झाली. हजर माणसे चार. हॅरिस वकील, सिल्व्हेस्टर शील कोळशाचे व्यापारी, गस्टेव्हस लोअर खाण अभियंता आणि हायरम शोरी कपडे शिवणारे. जागा म्हणजे लोअर यांची कचेरी, युनिटी बिल्डिंगमधली खोली नंबर ७११. पुढच्या बैठका पाळीपाळीने एकेकाच्या जागेत भरवायच्या असे ठरले. या फिरत्या पाळीवरूनच 'रोटरी', म्हणजे फिरते, हे नाव पडले.

नियम असा केला की एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपसात स्पर्धा नको. आणि दुसरे, सभासदांनी शक्यतो एकमेकांकडूनच माल घ्यायचा, एकमेकांनाच काम द्यायचे. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंदसुद्धा ठेवीत. थोडक्यात, सुरुवात झाली ती आपसातल्या फायद्यासाठी. त्यात वावगे काही नाही. आपणही कारखान्याचे भाग घेतले ते उसाला रास्त भाव मिळावा म्हणूनच.

पहिले चार अध्यक्ष

आता अध्यक्षांचे बघा. कल्पना हॅरिस यांची, माणसे जमवली हॅरिस यांनी, पण पहिले अध्यक्ष झाले कोळसेवाले शील. आपल्याकडच्या साखरधंद्यातही असे उदाहरण आहे. प्रवरानगरच्या कारखान्यासाठी गावोगाव फिरले विठ्ठलराव विखे पाटील. पहिले अध्यक्ष मात्र अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. रोप लावणाऱ्याने खुर्ची दुसऱ्याला दिली की बाकीच्यांना वाटते, संस्था एकट्याची नव्हे, आपलीही आहे.

दुसरे अध्यक्ष ए. एल. व्हाइट. १९०६ साली एक महत्त्वाची गोष्ट घडली. डोनाल्ड कार्टर नावाच्या पेटंटच्या वकिलांना सभासद होण्याविषयी विचारले. त्यांनी नियम वाचून दाखवायला सांगितले, ऐकून घेतले आणि विचारले, "यात सभासदांचा फायदा आहे, पण तुमच्या बाहेरच्या माणसासाठी काय आहे?" उत्तर नव्हते. मग मी येत नाही, असे ते म्हणाले. क्लबवाल्यांना राग आला नाही. त्यांनी नियमात कलम वाढवले, की शहराच्या हिताचे काम करणे हाही क्लबचा उद्देश राहील. मग कार्टर सभासद झाले. बाहेरच्या माणसाची टीका ऐकून आपला कायदा दुरुस्त करणारी संस्था विरळाच, आणि ती टिकते ती यामुळेच.

तिसरे अध्यक्ष १९०७ साली स्वतः हॅरिस. त्यांच्या वेळी क्लबने सार्वजनिक शौचालयाचे काम हाती घेतले. शहरात बाजाराला आलेल्या माणसाला सोयच नव्हती. पण काम सोपे गेले नाही. दारूविक्रेत्यांनी विरोध केला, कारण त्यांच्या गुत्त्यात ती सोय होती आणि त्या निमित्ताने गिऱ्हाईक आत येई. मोठ्या दुकानदारांचेही तेच म्हणणे. क्लबने शहरातल्या इतर संस्थांना सोबत घेतले, नगरपालिकेकडे पाठपुरावा केला, आणि शौचालय झाले. ज्या संघटनेने पुढे जगभर कामे केली, तिचे पहिले मोठे सार्वजनिक काम हे असे साधे होते.

हॅरिस यांचा दुसरा आग्रह म्हणजे दुसऱ्या शहरांत क्लब काढावेत. घरच्याच पुष्कळ सभासदांना ते पटेना. आपले आपल्यापुरते बरे चालले आहे, हा पसारा कशाला, असा सूर निघाला. शेवटी १९०८ साली हॅरिस यांनी अध्यक्षपद सोडले, पण संस्था सोडली नाही. फाटाफूट केली नाही, दुसरा गट काढला नाही. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्को शहरात दुसरा क्लब निघाला.

चौथे अध्यक्ष हॅरी रगल्स, छापखान्याचे मालक. पहिल्या चौघांनंतर आलेला पाचवा सभासद तो हाच. बैठक रटाळ होऊ लागली की हे उठून सगळ्यांना गाणे म्हणायला लावीत. नवीन सभासद आणण्यातही ते पुढे. हॅरिस यांनी दिशा दाखवली, रगल्स यांनी माणसे धरून ठेवली. संस्थेला दोन्ही स्वभाव लागतात, आणि पाळीने लागतात.

नांग्या भरल्या म्हणून खोडवा टिकला

पहिल्या चौघांपैकी लोअर आणि शोरी हे दोघे थोड्याच काळात क्लबातून बाहेर पडले. म्हणजे निम्मे संस्थापक गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर खोडव्यात नांग्या पडल्या. खोडव्याचे उत्पन्न कशाने राहते हे आपल्याला नव्याने सांगायला नको. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट न जाळता सरीत दाबायचे आणि नांग्या वेळेवर रोपांनी भरायच्या. मूळ लागण कितीही जोमदार असली तरी पुढे हे केले नाही तर निडव्यापर्यंत शेत विरळ होते. क्लबने नांग्या भरल्या, आणि त्या भरताना धंदा बघून, नव्या नव्या व्यवसायातला माणूस घेतला.

ऑगस्ट १९१० मध्ये १६ क्लबांनी मिळून राष्ट्रीय संघटना स्थापली. तिचे पहिले अध्यक्ष हॅरिस. १९१२ साली त्यांनी ते पद सोडले. पुढे १९४७ पर्यंत ते हयात होते. मान मोठा होता, पण कारभाराची खुर्ची पुन्हा घेतली नाही. संघटनेचे सचिव चेस्ली पेरी मात्र १९१० ते १९४२ असे ३२ वर्षे तेच. अध्यक्ष येत गेले, जात गेले. दप्तर, पत्रव्यवहार, हिशेब एका जागी राहिले. बदल आणि कायमपणा यांचा मेळ असा घातला होता.

त्या चाकाचीही गंमत आहे. १९०५ साली माँटेग्यू बेअर या कोरीवकाम करणाऱ्या सभासदाने पहिली खूण काढली ती साध्या गाडीच्या चाकाची. पुढे त्याला गिअरसारखे २४ दाते आले. मग कोणी यंत्रे जाणणाऱ्याने हरकत घेतली की याला आसाशी जोडणारी चावी बसवायला खाचच नाही. हे चाक नुसते फिरेल, काम करणार नाही. तेव्हा १९२४ साली चित्रात खाच घातली. आपल्या मिलमधल्या फिटरला ही हरकत लगेच पटेल.

सध्याची पद्धत

क्लबचे वर्ष १ जुलै ते ३० जून. अध्यक्षाची मुदत साधारण एक वर्ष. पुढचा अध्यक्ष कोण हे आधीच ठरलेले असते, म्हणजे त्याला शिकायला वेळ मिळतो. मावळता अध्यक्ष कार्यकारी मंडळात बसतो, म्हणजे अर्धवट कामाची माहिती वाया जात नाही. खुर्चीवर एक, शिकणारा एक, सांगणारा एक, अशी तिघांची साखळी कायम राहते.

भारतात कोलकात्यानंतर मुंबईत १९२९ साली आणि पुण्यात १९३६ साली क्लब निघाले. जागतिक संघटनेचे अध्यक्षपद नितीश लाहिरी (१९६२-६३), राजेंद्र साबू (१९९१-९२), कल्याण बॅनर्जी (२०११-१२) आणि शेखर मेहता (२०२१-२२) या भारतीयांनी भूषविले. पोलिओ हटवण्याची मोहीम संघटनेने १९८५ साली घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त जाहीर झाला. हे काम सरकारी यंत्रणा, आरोग्य सेविका आणि अनेक संस्थांचे मिळून. पण त्या काळात संघटनेचे अध्यक्ष दरवर्षी बदलले आणि मोहीम मात्र बदलली नाही, हे ध्यानात घ्या.

एक उणेपणाही सांगितला पाहिजे. बायकांना या क्लबात कित्येक वर्षे मज्जाव होता. कॅलिफोर्नियातल्या ड्युआर्टे गावच्या क्लबने स्त्रियांना घेतले म्हणून १९७८ साली त्या क्लबलाच काढून टाकले. भांडण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, १९८७ साली निकाल स्त्रियांच्या बाजूने लागला आणि त्याच क्लबच्या अध्यक्ष झाल्या सिल्व्हिया व्हिटलॉक. १९८९ साली संघटनेने नियमच बदलला. आपल्याकडे सातबारा आणि भाग बाईच्या नावावर, पण गटाच्या बैठकीला तिचा मुलगा, असे चित्र अजून पुष्कळ ठिकाणी दिसते. तेव्हा हसण्याचे कारण नाही.

आपण काय घ्यावे?

सहकारी संस्था आणि सेवा क्लब यांची घडण वेगळी. आपली संस्था कायद्याने चालते, तिच्यात आपले भांडवल आहे, संचालक मंडळाची मुदत पाच वर्षांची आहे. दरवर्षी अध्यक्ष बदला असे माझे म्हणणे नाही. पण पाणीवाटपाचे, बेण्याचे, खोडवा व्यवस्थापनाचे जे लहान गट गावोगाव आहेत, त्यांनी चार गोष्टी जरूर कराव्यात.

१) दप्तर घरी ठेवू नये. इतिवृत्त, पावतीपुस्तक, बँकेचे पासबुक गटाच्या ठरलेल्या जागी असावे.

२) पुढचा अध्यक्ष सहा महिने आधी ठरवावा आणि त्याला वीजबिल, पाण्याच्या पाळ्या, वसुली यांत बरोबर घ्यावे.

३) जुन्या अध्यक्षाला मान द्यावा आणि त्याच्याकडून माहिती घ्यावी. जुन्यानेही नव्याच्या कामात पाय घालू नये.

४) वर्षातून एक काम गटाबाहेरच्या माणसासाठी करावे. १९९५ साली मँचेस्टर येथे सहकाराच्या तत्त्वांत 'समाजाविषयी आस्था' हे सातवे तत्त्व घातले गेले, ते याच विचाराचे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी पाण्याची सोय केली तरी पुरे.

गाव करी ते राव न करी, असे आपण म्हणतो. पण गावाने करायचे तर ते एकट्या रावावर सोपवून चालत नाही. आपल्या गटाच्या पुढच्या बैठकीत दप्तर मागवून बघा. गेल्या वर्षीचा हिशेब, पाण्याच्या पाळ्या, येणे-देणे हे नवख्या सभासदाला वाचून समजते का, ते तपासा. समजत नसेल तर दुरुस्तीला तिथूनच हात घाला. लिखाणाच्या कामी मदत लागल्यास आपल्या गट कचेरीत शेती खात्याच्या कर्मचाऱ्यांना अवश्य भेटावे.

— ऊस विकास अधिकारी