वाघ गेला, वनही गेले

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी मुले जमतात. वंदना झाली की गोष्ट, हा ठरलेला क्रम. 'झाडे लावा' हे भिंतीवर लिहून मनात रुजत नाही. गोष्ट मात्र मुले घरी घेऊन जातात.

गेल्या महिन्यात व्यग्घ जातक सांगितले. पाली जातकातील ५४७ कथांपैकी ही २७२ वी. मूळ कथेत वृक्षदेवता बोलतात. मी झाडांनाच बोलते करतो. मुलांनी झाडाला नवस बोलू नये, झाड ओळखावे.

एका वनात सिंह व वाघ राहत. त्यांच्या शिकारीची दुर्गंधी एका झाडाला सहन होईना. शहाणे झाड म्हणाले, "यांच्या भीतीनेच माणूस कुऱ्हाड घेऊन इकडे येत नाही." पहिल्याने ऐकले नाही. भयंकर रूप दाखवून त्याने दोघांना पळवून लावले. पावलांचे ठसे दिसेनात, तेव्हा लोक आले आणि तोड सुरू झाली. झाडाने परत येण्याची विनवणी केली, पण सिंह-वाघ आले नाहीत. थोड्याच दिवसांत सारे वन तुटून तेथे शेती झाली.

गोष्ट संपताच सातवीतील एक मुलगी उठली. "सर, माझी मामी चंद्रपूरकडे सरपणाला जंगलात जाते. तिला वाघाने धरले तर?"

मी गप्प झालो. मग म्हणालो, "वाघ राखायचा तर मामीच्या चुलीचीही सोय झाली पाहिजे. वन वाचवण्याची किंमत एकट्या गरिबाने का मोजावी?" त्या दिवशी मुले तासभर बोलत होती. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता, हेही मग सांगता आले.

पुढच्या रविवारी सम्राट अशोक. राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात पोपट, साळुंकी, वटवाघूळ यांना मारू नये, विनाकारण वन जाळू नये, अशी आज्ञा आहे. वटवाघळाचे नाव ऐकून मुले हसली. मग राजाने ते का घातले असेल, यावर वाद झाला.

माता-पित्यांना एवढेच सांगणे : रात्री जेवणानंतर दहा मिनिटे काढा, गोष्ट सांगा. तात्पर्य मात्र सांगू नका, मुलांना प्रश्न विचारू द्या. उत्तर आले नाही तर तसे कबूल करा. बुद्धांनीही ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला सांगितले आहे.